अर्ध्या तासाच्या 'पिशवी साफ'साठी गुंगी कुठली? फोर्टविन, केटामाईन की ते दुधासारखं इंजेक्शन?

केवडा | सोमवार, रात्री ९:१२

वय ४६, जिल्हा रत्नागिरी. गाव सांगत नाही, कारण निम्मं गाव इथे वाचतं.

चार महिने पाळी अंगावर जातेय. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुर्बिणीने आत बघू, थोडं क्युरेटिन करून, म्हणजे अस्तर खरवडून, तुकडा तपासायला पाठवू. सकाळी या, संध्याकाळी घरी. भुलेचं विचारलं तर म्हणाल्या, "फोर्टविन-फेनरगन देऊ, लागलंच तर थोडं केटामाईन. काही कळणार नाही तुम्हाला."

केटामाईन हा शब्द ऐकला आणि माझे हातपाय गार पडले. मी दहावीत असताना आईचं क्युरेटिन झालं होतं. बाहेर आणल्यावर ती छताकडे बघून किंचाळत होती, मला ओळखत नव्हती, "मला विहिरीतून काढा" एवढंच म्हणत होती. पुढे आठवडाभर ती दिवा लावून झोपायची.

पुण्याची बहीण म्हणते प्रोपोफॉलच मागून घे, तिला दिलं होतं, पांढरं दुधासारखं, दहा मिनिटांत गप्पा मारत उठली. आता आपण पेशंटने औषध असं मागून घ्यायचं असतं का? आणि या सगळ्यांत नेमका फरक काय? अनुभव सांगा. घाबरवू नका, ते मी स्वतःच छान करतेय.

चाकरमानी_डोंबिवली | सोमवार, रात्री ९:२०

रुमाल टाकून ठेवतो. बायकोचंही असंच ठरतंय.

सुरंगी | सोमवार, रात्री ९:५१

केवडा, तुझी आई खोटं बोलत नव्हती ग. मला २००४ साली तेच दिलं होतं, अपुऱ्या दिवसांत गर्भ पडल्यावर. दुखलं काहीच नाही, हे आधी सांगते. पण मी झोपलेही नव्हते. वरचा पंखा मोठा मोठा होत गेला, मग मीच पंखा झाले. खालून कोणीतरी "गॉज द्या" म्हणत होतं आणि मला वाटत होतं की मी मेलेय, ही माझी उत्तरक्रिया चाललीय. आज हसू येतं. तेव्हा नवऱ्याचा हात सोडवत नव्हता.

दुसऱ्यांदा २०१९ मध्ये तांबी अडकली म्हणून. तेव्हा ते पांढरं. हातात जळजळलं, "जरा चुरचुरेल हां" हे शब्द ऐकले, आणि पुढचा शब्द थेट "झालं, उठा". मधलं काहीच नाही. कापून टाकल्यासारखं.

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०:०५

पुण्याच्या बहिणी नेहमी महागडंच का सुचवतात?

गुंगीवाला | मंगळवार, सकाळी ६:३०

मी भूलतज्ज्ञ, चिपळूणच्या आसपास चार-पाच ठिकाणी बोलावणं येईल तसा जातो. केवडाताई, तपासल्याशिवाय तुम्हाला अमुकच घ्या असं सांगणार नाही. औषधांची ओळख मात्र करून देतो.

'भूल' म्हणून आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात तीन वेगळी कामं आहेत: झोप आणणं, दुखणं मारणं आणि आठवण पुसणं. बहुतेक औषधं यातलं एखादंच काम धड करतात.

मिडाझोलाम. आठवण पुसण्यात पटाईत. पेशंट बोलतो, कुशीवर वळतो, नंतर विचाराल तर "मी कुठे बोललो?" दुखणं मारत नाही. त्याला उतारा आहे, फ्लुमाझेनिल. पण उताऱ्याचा असर मिडाझोलामच्या आधी संपू शकतो आणि माणूस पुन्हा पेंगतो, म्हणून उतारा दिला की लगेच घरी सोडत नाहीत.

फेन्टानिल. दुखण्यावरचं. मॉर्फिनच्या जातीचं, पण कितीतरी पट जोरकस, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. लवकर चढतं, छोट्या डोसात लवकर उतरतं. दोष असा की श्वास घ्यायची आठवणच राहत नाही, आणि मिडाझोलामच्या जोडीला हा दोष वाढतो. उतारा नालोक्सोन.

फोर्टविन-फेनरगन, म्हणजे पेन्टाझोसिन आणि प्रोमेथाझिन. आपल्याकडची जुनी जोडी. स्वस्त, सगळीकडे मिळते. पण अर्ध्या तासाच्या कामाला ही गुंगी लांबते, पेशंट संध्याकाळपर्यंत पेंगत राहतो. पेन्टाझोसिननेही काहींना भास होतात, हे लोक विसरतात. नाव वाईट होतं ते फक्त केटामाईनचं.

प्रोपोफॉल. अर्ध्या मिनिटात झोप, एका डोसाचा असर पाच-दहा मिनिटं. उठल्यावर डोकं स्वच्छ, आणि मळमळ कमी, जे पोटाखालच्या कामात मोठं सुख आहे. पण ते दुखणं मारत नाही. नुसत्या प्रोपोफॉलवर पिशवीचं तोंड रुंद करायला घेतलं तर झोपेतही पेशंट पाय ओढतो, मग डोस वाढवावा लागतो, मग रक्तदाब उतरतो आणि श्वास थांबतो. म्हणून सोबत दुखण्याचं काहीतरी लागतंच. आणि याला उतारा नाही. ते आपसूक उतरतं, तोवर तुमचा श्वास सांभाळणारा माणूस डोक्याशी हवा.

केटामाईन. हे एकटंच बरंच काही करतं. दुखणं मारतं, श्वास चालू ठेवतं, रक्तदाब पडू देत नाही. पण मेंदूला शरीरापासून तोडतं, म्हणून डोळे उघडे आणि माणूस भलतीकडेच. उठताना काहींना भयंकर भास होतात. आधी मिडाझोलाम दिलं, कानाशी गडबड केली नाही, तर ते कमी होतात. तुमच्या आईंच्या वेळी काय झालं ते मला ठाऊक नाही, पण त्या काळी भरपूर केटामाईन एकटंच देण्याची पद्धत होती.

माझ्या गुरूंच्या वेळी पेंटोथाल असायचं. पिवळी पूड, पाण्यात कालवायची, पेशंट म्हणायचे लसणाची चव आली तोंडात. झोप झटकन, पण दिवसभर सुस्ती. दिवसाच्या दिवशी घरी पाठवायच्या कामातून प्रोपोफॉलने त्याला हटवलं.

केवडा | मंगळवार, सकाळी ७:१५

डॉक्टर, एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे बहिणीचं बरोबर?

गुंगीवाला | मंगळवार, सकाळी ७:४०

बहिणीचं अर्धं बरोबर. औषधाच्या आधी एक प्रश्न विचारा: ऑपरेशन चालू असताना माझ्या डोक्याशी कोण उभं असेल? हात ज्यांचे खाली गुंतलेत त्याच वरचं बघणार असतील, तर त्यांच्याकडे प्रोपोफॉल मागू नका.

निवृत्त_सुईण | मंगळवार, दुपारी १:१०

वरील सर्व तरुण मंडळींनी एका म्हातारीचं ऐकून घ्यावं. मी एमडी गायनॅक, आयडी गमतीचा आहे. देवगड तालुक्यात छत्तीस वर्षं काढली.

जुलै महिना, रात्री दोन. डोंगरावरच्या वाडीतून डोलीत घालून बाई आणलेली, अर्धवट गर्भपात, साडी रक्तात भिजलेली, नाडी हाताला लागत नाही. वीज गेलेली. जनरेटर पंधरा मिनिटं चालून खोकतोय. जवळचा भूलतज्ज्ञ कणकवलीला, आणि मधल्या पुलावरून पाणी. सांगा बघू, प्रोपोफॉल देता? जो काही रक्तदाब उरलाय तोही जाईल. बॅटरीच्या उजेडात केटामाईन दिलं, पिशवी रिकामी केली, रक्त थांबलं. बाई रात्रभर "समुद्र घरात आला" म्हणत होती. म्हणू दे की! म्हणायला जिवंत होती. ती आजही आंबे घेऊन येते.

व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांना हेच द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते उगाच नाही. तेव्हा केटामाईनला नावं ठेवताना जरा जपून.

गुंगीवाला | मंगळवार, दुपारी १:३२

बाई, शंभर टक्के मान्य. रक्तस्रावात मीही तेच उचलेन. पण केवडाताई वाहत्या रक्ताने डोलीतून येत नाहीयेत, तारीख ठरवून, उपाशीपोटी, दिवसाढवळ्या येताहेत. पुलाखालचं पाणी वेगळं.

निवृत्त_सुईण | मंगळवार, दुपारी १:४५

ते मान्य. आणि खरं सांगायचं तर, नंतर भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा यायला लागले तेव्हा मीच सगळी ठरवलेली कामं त्या दोन दिवसांत लावायची. एका डोळ्याने खाली आणि एका डोळ्याने नखांचा रंग बघून माझं आयुष्य दहा वर्षांनी तरी कमी झालं असेल. पल्स ऑक्सिमीटर फार उशिरा आला आमच्याकडे.

गजालकार | मंगळवार, दुपारी २:२०

माज्या सासूक गेल्या साली ह्याच पांढरा दिलेला. शुद्धीर येताच डॉक्टराक म्हणता, "झिला, बाजारात बांगडो इलो काय?" डॉक्टर सोलापूरचो, तेका कायच समाजला नाय. तेना नर्सेक इचारल्यान, "पेशंट भ्रमात आहेत का?" नर्स म्हणाली, "नाय ओ, आता एकदम शुद्धीर आसत."

सुरंगी | मंगळवार, दुपारी २:२८

=)) =)) हा प्रतिसाद फ्रेम करून भूलतज्ज्ञांच्या खोलीत लावा.

चिकित्सक_काकू | मंगळवार, दुपारी ३:००

मी वाचलं की त्या पांढऱ्या औषधात अंडं असतं. खरं का? आमच्या सासूबाई आयुष्यभर शाकाहारी, त्यांचंही क्युरेटिन ठरलंय. आणि मायकेल जॅक्सन यानेच गेला ना?

गुंगीवाला | मंगळवार, रात्री ८:५०

काकू, प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते सोयाबीनच्या तेलात, अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनच्या मदतीने घुसळलेलं असतं. तोच पांढरा रंग. अंड्याची अॅलर्जी बहुधा त्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते, त्यामुळे तशा बहुतेक पेशंटना हे चालतं, पण भूलतज्ज्ञाला सांगायचंच. सासूबाईंना आधी सांगा, ठरवू दे त्यांना. दुसरे मार्ग आहेत.

याच घुसळणीमुळे जंतूंनाही ते आवडतं. फोडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नसते.

जॅक्सन २००९ साली गेला, हो. पण घरी, झोप यावी म्हणून, धड मॉनिटर नाही, लक्ष ठेवायला माणूस नाही. औषध तेच, डोक्याशी कोणी नव्हतं.

आणखी एक गंमत. हे औषध शोधणारा जॉन ग्लेन मुळात जनावरांचा डॉक्टर. पहिलं मिश्रण वेगळ्या द्रावणात होतं, त्याने रिअॅक्शन आल्या म्हणून मागे घेतलं, मग तेलातलं आलं. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये विकायला लागले. २०१८ साली ग्लेनला वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९:०२

म्हणजे गुरांच्या डॉक्टरचं औषध, आणि त्याला वेगळा भूलतज्ज्ञ, त्याचे वेगळे पैसे. क्युरेटिन दहा मिनिटांचं. पैसे कसले?

वॉर्ड_नंबर_तीन | मंगळवार, रात्री ९:३०

हिशेबनीस, मी एकवीस वर्षं सिस्टर आहे. पैसे झोपवण्याचे नाहीत हो, उठवण्याचे आहेत.

केवडाताई, कोणी सांगत नाही अशा गोष्टी सांगते. नेलपॉलिश काढून या, गडद मेंदीही नको, बोटावरचा चिमटा नीट वाचत नाही. कवळी, हलता दात असेल तर सांगा. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसतात, तेव्हा आम्ही चिकटपट्टीने बांधतो किंवा नवऱ्याच्या खिशात ठेवायला देतो; त्यावरून भांडू नका. घोरत असाल तर लाजू नका, ते फार महत्त्वाचं, गुंगीत जीभ मागे पडते. रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्या सगळ्या पिशवीत घालून आणा, नावं आठवत बसू नका. ते पांढरं चुरचुरतं, तेव्हा सुई मनगटापेक्षा कोपराजवळच्या मोठ्या शिरेत लावता येईल का विचारा.

आणि उपास म्हणजे उपास.

पेजभात | मंगळवार, रात्री ९:४१

पेज चालते ना? पेज म्हणजे पाणीच की.

वॉर्ड_नंबर_तीन | मंगळवार, रात्री ९:४४

हेच ते! "काही खाल्लं नाही, नुसती पेज प्यायले" म्हणून दर आठवड्याला एक केस पुढे ढकलली जाते. पेज म्हणजे भात. सहा तास आधी बंद. दुधाचा चहाही सहा तास. साधं पाणी, कोरा चहा दोन तास आधीपर्यंत.

पेजभात | मंगळवार, रात्री ९:५०

उकड्या तांदळाची वरची निवळ घेतली तर?

गजालकार | मंगळवार, रात्री ९:५२

आणि सोबत सुक्या बांगड्याचा तुकडो?

चाकरमानी_डोंबिवली | मंगळवार, रात्री ९:५८

सोलकढी? ती तर पाण्यासारखीच. (नारळाचं दूध असतं माहितेय, मारू नका.)

व्यवस्थापक | मंगळवार, रात्री १०:१५

पेजेवरचे पुढचे सतरा प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. कृपया विषयावर या.

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी १०:०५

सगळे झोपण्यावरच का भांडताय? माझी दुर्बिणीने तपासणी मुंबईत पूर्ण जागेपणी झाली. बारीक दुर्बीण, आधी वेदनाशामक गोळी, पिशवीच्या तोंडाशी बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन. पाळीच्या पहिल्या दिवशी येतात तशा कळा आल्या, जरा जास्तच, पण सात-आठ मिनिटं. पडद्यावर माझाच पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, मला दाखवला. अर्ध्या तासाने लोकल पकडून घरी. ना उपास, ना सोबत माणूस.

सुरंगी | बुधवार, सकाळी १०:२०

तुझं झालं ग. माझ्या नणंदेचं असंच "जागेपणी" करायला घेतलं. तिला मूल नाही, पिशवीचं तोंड घट्ट. ती टेबलावरच घामाघूम, नाडी चाळीसवर, डोळ्यांपुढे काळोख. अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी भूल देऊन केलं.

निवृत्त_सुईण | बुधवार, सकाळी ११:००

पिशवीचं तोंड ओढलं की नाडी उतरते, हे जुनं दुखणं. म्हणून नाडी वाढवणारं ॲट्रोपिन भरून हाताशी ठेवायचं. नॉर्मल बाळंतपण झालेल्यांना जागेपणीचं बरं जमतं. पण बाई मनाने तयार हवी. दात-ओठ खाऊन सहन करण्यात काही शौर्य नाही.

आणि तोंडाशी दिलेली लिग्नोकेनची सुई झोपवलेल्या पेशंटलाही द्यावी. गुंगीचं औषध कमी पुरतं.

एमडी_होतकरू | बुधवार, दुपारी १२:४०

मी शिकतोय, चुकलो तर गुंगीवाला सर कान धरतील. डेक्समेडिटोमिडिनचं कोणी बोललं नाही. हाक मारली की उठतो, सोडलं की झोपतो अशी छान झोप, श्वासाला फारसा धक्का नाही.

गुंगीवाला | बुधवार, दुपारी ३:१५

औषध चांगलं, पण या कामाला बैलगाडीने स्टेशन गाठण्यासारखं. पहिला डोसच दहा मिनिटांत हळूहळू द्यायचा, तेवढ्यात क्युरेटिन संपलेलं असतं. शिवाय नाडी उतरवतं, आणि इथे पिशवीचं तोंडही नाडी उतरवतंय. उठायलाही वेळ लागतो. आयसीयूत मला फार आवडतं. कान धरत नाही, चहा प्यायला ये.

चाकरमानी_डोंबिवली | बुधवार, रात्री ८:३०

मूर्ख प्रश्न. बायकोला हॉस्पिटलमधून मीच आणणार, पण ती म्हणते उठल्यावर एकदम टवटवीत असते तर स्कूटर चालवेन.

गुंगीवाला | बुधवार, रात्री ८:४४

टवटवीत वाटतं, तोच धोका. चोवीस तास गाडी नाही, कागदावर सही नाही, बँकेचा व्यवहार नाही, आणि विळीवर नारळ खवणंही नाही. सोबत जबाबदार माणूस, रात्रीही. अंगावर पिणारं बाळ असेल तर मात्र आई नीट शुद्धीवर आली की पाजू शकते.

कोकणात आणखी एक: घर रस्त्यापासून किती पायऱ्या वर किंवा खाली आहे ते मी विचारतो. मुंबईच्या माझ्या मित्रांना याचं हसू येतं. पण शंभर पायऱ्यांची पाखाडी पावसात, चिऱ्यावर शेवाळ, आणि बाईच्या पायात अजून जीव नाही, अशा वेळी एक रात्र ठेवून घ्यायचं.

हिशेबनीस | बुधवार, रात्री ९:००

हे मात्र पटलं. माझ्या घराच्या एकशे बारा.

केवडा | पुढच्या आठवड्यातला रविवार, सायंकाळी ६:२०

झालं! गुरुवारी झालं. सगळ्यांसाठी वृत्तांत.

सोमवारी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. धीर करून विचारलं, माझ्या डोक्याशी कोण असेल? वाटलं रागावतील. त्या उलट म्हणाल्या, "भूलतज्ज्ञ गुरुवारी येतात, तीन दिवस थांबाल का?" एवढंच! मी आठवडाभर झोपले नव्हते यासाठी.

गुरुवारी भूलतज्ज्ञ आले, तरुण मुलगा. घोरता का, जिना चढताना धाप लागते का, घर किती पायऱ्या वर, सगळं विचारलं. मी आईचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काकी, खरं सांगतो. मिडाझोलाम, प्रोपोफॉल देणार आहे, आणि दुखण्यासाठी चिमूटभर केटामाईनही. आईंना दिलं तेच, पण अगदी थोडं. त्याने तुमचा श्वास आणि रक्तदाब टिकतो आणि प्रोपोफॉल कमी लागतं. नको असेल तर फेन्टानिल देतो, दोन्ही चालेल." त्याच्या हातातल्या सिरिंजवर प्रत्येक औषधाचं नाव चिकटवलेलं होतं, ते मला वाचून दाखवलं.

मी दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हटलं, द्या. का म्हटलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. देवगडच्या बाईंची ती आंबे घेऊन येणारी आठवली बहुतेक.

हात चुरचुरला. विहीर दिसली नाही. उठले तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण वाईट काहीच वाटत नव्हतं. सिस्टर म्हणाली, "होतं कुणाकुणाला." दीड तासाने कोरा चहा, मग दोन बिस्किटं, उलटी नाही. लघवीला जाऊन आल्यावर सोडलं. पाखाडीला भाचे दोन बाजूंना होते. संध्याकाळी पाळीसारख्या कळा, एक गोळी घेतली.

आईला फोन करून सांगितलं, तुला दिलेलं तेच मला पण दिलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आणि दिवा?" म्हटलं, मालवून झोपले.

तुकड्याचा रिपोर्ट यायचाय.

निवृत्त_सुईण | रविवार, सायंकाळी ६:५५

रिपोर्ट आला की कळव, इथे नको तर व्यक्तिगत निरोपात. आणि लोह सुरू कर, चार महिने रक्त गेलंय.

गजालकार | रविवार, सायंकाळी ७:०३

उठल्यार बांगडो इचारलंस काय नाय?

केवडा | रविवार, सायंकाळी ७:१०

नाही. भाचे म्हणतात मी "गॅस बंद केला का" असं अकरा वेळा विचारलं.

चिकित्सक_काकू | रविवार, सायंकाळी ७:३०

अभिनंदन ग. सासूबाईंना अंड्याचं सांगितलं. म्हणाल्या, "शिरेतून जातंय ना, जिभेवरून नाही, मग चालेल." पण आता त्यांचं अडलंय कवळीवर. कवळीशिवाय डॉक्टरांसमोर जाणार नाही म्हणतात. सिस्टर, ती टेबलावर झोपेपर्यंत ठेवता येते का हो?

वॉर्ड_नंबर_तीन | रविवार, सायंकाळी ७:४२

भूलतज्ज्ञ बोलून जाईपर्यंत ठेवा म्हणावं. टेबलावर जाताना मी काढून डबीत घालते आणि डबीवर नाव लिहिते. एकदा दोन आज्यांच्या बदलल्या होत्या, तेव्हापासून लिहितेच.